माउझर : एका कारागिराची आणि त्याच्या बंदुकीची कथा

१९१४ सालच्या ऑगस्ट महिन्यातील २६ तारखेची गोष्ट. कलकत्त्यातील रॉडा आणि कंपनी या शस्त्रविक्रेत्या इंग्रजी पेढीचा माल परदेशातून येऊन जकात कचेरीत पडला होता. एकंदर २०२ पेट्या. त्या सोडवून आणण्याचे काम पेढीतील श्रीशचंद्र मित्र या कारकुनाकडे होते. त्यांपैकी १९२ पेट्या रीतसर वखारीत पोहोचल्या. उरलेल्या १० पेट्या ज्या बैलगाडीत चढविल्या होत्या, ती गाडी मात्र वखारीकडे न वळता शहराच्या गल्लीबोळांत दिसेनाशी झाली. त्या १० पेट्यांत ५० पिस्तुले आणि त्यांची ४६,००० काडतुसे होती. पुढे १९१८ साली रौलट समितीने आपल्या अहवालात या पिस्तुलांचा हिशेब मांडला. बंगालमधील ९ क्रांतिकारक गटांत ती वाटली गेली आणि ५४ प्रकरणांत त्यांचा वापर झाला, असे त्या समितीने नमूद केले आहे.

ती सारी पिस्तुले माउझर बनावटीची होती. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९१५ मध्ये, ओरिसातील बालासोरजवळ जतींद्रनाथ मुखर्जी, म्हणजेच 'बाघा जतीन', आणि त्यांचे चार सहकारी पोलिसांशी अखेरपर्यंत झुंजले, ते माउझर पिस्तुलांच्याच बळावर. १९२५ साली काकोरीजवळ सरकारी खजिन्याची आगगाडी अडविली गेली, तेव्हाही हीच पिस्तुले होती. क्रांतिकारकांच्या चरित्रांतून हा शब्द आपल्या घराघरांत पोहोचला आणि शाळकरी वयात तो वाचताना अंगावर रोमांच उभे राहत.

परंतु 'माउझर' हे मुळात एका माणसाचे आडनाव आहे, याची आठवण फारशी कोणाला होत नाही. कलकत्त्यात ती बैलगाडी नाहीशी झाली, त्याच्या तीनच महिने आधी, २९ मे १९१४ रोजी, जर्मनीतील ओबर्नडॉर्फ या गावी पॉल माउझर वारला होता. वयाची ७६ वर्षे पूर्ण होण्यास महिनाभर उरला होता. सारे आयुष्य त्याने एकाच विद्येत घालविले. ती विद्या बंदुकीची होती. त्याचे चरित्र वाचताना कौतुक वाटते आणि त्याच वेळी मन अस्वस्थही होते. म्हणूनच ते येथे सांगावेसे वाटले.

मठातला कारखाना

नेकार नदीच्या काठी, ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरांना लागून ओबर्नडॉर्फ हे लहानसे गाव आहे. त्या काळी ते व्युर्टेंबर्गच्या राज्यात मोडत असे. जर्मनी हे एक राष्ट्र अजून व्हायचे होते. आपल्याकडील संस्थानांप्रमाणे तेथे लहानमोठी राज्ये नांदत होती आणि प्रत्येकाची फौज, प्रत्येकाची शस्त्रे निराळी होती. व्युर्टेंबर्गचा राजा फ्रीड्रिख याने १८११ साली या गावात सरकारी बंदूक-कारखाना काढला, तो ऑगस्टिनियन पंथाच्या एका रिकाम्या झालेल्या मठात. जेथे साधूंची प्रार्थना चाले, तेथे भाते आणि ऐरणी आल्या. गावाचे पोट तेव्हापासून बंदुकीवर भरू लागले.

याच कारखान्यात फ्रान्झ आंद्रेआस माउझर हा कारागीर कामाला होता. त्याला तेरा अपत्ये झाली. त्यांतले सर्वांत धाकटे म्हणजे २७ जून १८३८ रोजी जन्मलेला पॉल. घरात पैसा बेताचा आणि खाणारी तोंडे पुष्कळ, तेव्हा मुलांनी लवकर कामाला लागावे हे ओघानेच आले. पॉल लहान वयातच बापाच्या आणि थोरल्या भावांच्या हाताखाली कारखान्यात शिकू लागला. त्याची विद्यापीठे म्हणजे कानस आणि शेगडी. पुढे सक्तीच्या लष्करी नोकरीसाठी १८५९ साली तो लुडविग्सबुर्गच्या शस्त्रागारात गेला. तेथेही त्याच्या हातात तोफा आणि बंदुकांचेच काम आले.

थोरल्या भावांपैकी विल्हेल्म हा पॉलपेक्षा चार वर्षांनी मोठा. या दोघांची जोडी विलक्षण जमली. पॉल अबोल, कामात गढलेला. विल्हेल्म मात्र व्यवहारी, चार लोकांत वावरणारा, अधिकाऱ्यांच्या दारी खेटे घालण्यास न कंटाळणारा. एकाने घडवावे आणि दुसऱ्याने खपवावे, अशी ती वाटणी होती. धाकट्याच्या बुद्धीवर थोरल्याचा पूर्ण विश्वास होता, हे त्या दोघांचे खरे भांडवल.

सुई आणि अडसर

त्या काळची नवलाची बंदूक म्हणजे प्रशियाची 'सुईची बंदूक'. योहान निकोलाउस ड्रायझे या कुलुपे करणाऱ्याच्या मुलाने ती बनविली होती आणि प्रशियाने १८४१ साली ती स्वीकारली. तोपर्यंत जगातील बहुतेक फौजा नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरत. त्यासाठी शिपायाला उभे राहावे लागे आणि तेवढ्या वेळात तो शत्रूला आयता सापडे. ड्रायझेने मागून भरायची सोय केली. आपल्या दाराला जशी सरकती कडी असते, पुढे सारून खाली पाडली की दार पक्के बसते, तशीच कडी त्याने नळीच्या मागे बसविली. कडी मागे ओढावी, काडतूस ठेवावे, कडी पुढे सारून आडवी करावी. चाप ओढला की एक लांब सुई कागदी काडतुसात घुसून आतल्या स्फोटक टिकलीवर आपटे. १८६६ साली कोनिगग्रेट्झच्या लढाईत प्रशियाने ऑस्ट्रियाचा धुव्वा उडविला, त्या विजयात या बंदुकीचा मोठा वाटा होता.

पण तिच्यात उणिवाही होत्या. दारूच्या ज्वाळेत सापडून सुई गंजे आणि मोडे. कागदी काडतुसामुळे मागच्या फटीतून जळता वायू बाहेर येई आणि शिपायाच्या चेहऱ्याला लागे. शिवाय कडी उघडण्यापूर्वी सुई मागे ओढून घेण्याची निराळी क्रिया करावी लागे. पॉल माउझरचे लक्ष नेमके येथे गेले. कडी उचलण्याच्या त्याच एका हालचालीत आतला खटका आपोआप ताणला जावा, अशी रचना त्याने १८६० नंतरच्या काही वर्षांत सिद्ध केली. कागदाऐवजी पितळी काडतूस वापरण्याच्या दृष्टीने त्याने पुढचा विचार केला. पितळ स्फोटाच्या जोराने फुगते आणि मागची फट आपसूक बुजविते. रिकामे काडतूस ओढून बाहेर टाकणारा आकडाही कडीलाच जोडलेला.

वरकरणी ही लहानसहान दुरुस्ती वाटेल. परंतु भीतीने हात कापणारा, चिखलात पडलेला, कसेबसे शिक्षण मिळालेला शिपाई डोळ्यांसमोर आणावा, म्हणजे एक क्रिया कमी होण्याचे मोल कळते. पॉल माउझरच्या साऱ्या कामाची दिशा येथेच ठरून गेली. बंदूक धरणाऱ्या माणसाचा त्रास कमी व्हावा आणि त्याला स्वतःच्याच बंदुकीपासून अपाय होऊ नये, हा विचार त्याने जन्मभर सोडला नाही.

परदेशातून रिकाम्या हाताने

शोध लागला, पण तो घेणार कोण? व्युर्टेंबर्ग, ऑस्ट्रिया, प्रशिया, कोणाकडूनही होकार मिळेना. अशा वेळी अमेरिकेतील रेमिंग्टन कंपनीचा युरोपातील हस्तक सॅम्युएल नॉरिस याची नजर या बंदुकीवर पडली. फ्रान्सच्या शासपो बंदुकांना ही नवी रचना बसवून देता येईल आणि मोठा सौदा करता येईल, असा त्याचा हिशेब. १८६७ साली त्याने दोघा भावांशी करार केला आणि ते बेल्जियममधील लिएज या शस्त्रांच्या बाजारपेठेत येऊन राहिले. १८६८ साली अमेरिकेत या रचनेचे पेटंट निघाले, त्यावर नॉरिस आणि दोघे माउझर अशी तीन नावे होती. शोध दोघांचा आणि हक्कात वाटेकरी तिसरा!

नॉरिसचा सौदा मात्र जमला नाही. फ्रेंचांनी दाद दिली नाही आणि पैशाचा ओघ थांबला. १८६९ च्या अखेरीस पॉल गावी परतला, पाठोपाठ १८७० साली विल्हेल्मही आला. गाठीला पैसा नाही, हातात नोकरी नाही, अशी ती अवस्था होती. पण याच सुमारास त्यांच्या बंदुकीची स्पांडाऊ येथील प्रशियन नेमबाजी शाळेत परीक्षा चालू झाली होती आणि विल्हेल्म तिचा नेटाने पाठपुरावा करीत होता.

१८७०-७१ च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सला हरविले खरे, परंतु फ्रेंच शासपोचा पल्ला सुईच्या बंदुकीहून किती तरी लांबचा आहे, हे जर्मन शिपायांनी आपल्या रक्ताने जाणले. नव्या जर्मन साम्राज्याला नवी बंदूक हवी होती. १८७१ साली माउझर बंधूंची रचना निवडली गेली. ११ मिलिमीटर व्यासाची, एका वेळी एकच काडतूस घेणारी ही बंदूक साऱ्या साम्राज्याच्या पायदळाच्या खांद्यावर जाणार होती. तिचे सरकारी नाव होते 'पायदळ बंदूक, नमुना ७१'. त्यात माउझर हे नाव कोठेच नव्हते.

मान राहिला, मालकी गेली

बंदुका बनविण्याचे काम सरकारी कारखान्यांना मिळाले. शोध लावणाऱ्या भावांच्या वाट्याला प्रथम आले ते नेम धरण्यासाठी नळीवर बसवायच्या पट्ट्या करण्याचे काम. बव्हेरियाच्या शस्त्रागारासाठी त्यांनी गावातच एका घरात ते चालू केले आणि डोंगराच्या उतारावर लहानसा कारखाना बांधला. मग व्युर्टेंबर्ग सरकारकडून एक लाख बंदुकांची मागणी आली. एवढ्या कामास जागा आणि पैसा लागणार. तेव्हा एका बँकेला भागीदार करून घेऊन, १८७४ साली त्यांनी मठातला तो जुना सरकारी कारखाना विकत घेतला. ज्या ऐरणीवर बापाने मोलमजुरी केली, त्या ऐरणीचे मुले मालक झाली. त्याच वर्षी डोंगरावरचा कारखाना आगीत सापडला, पण दोनच महिन्यांत तो पुन्हा उभा राहिला.

सरकारी कामाला खंड पडला की कारखान्यावर उपासमारीची पाळी येई. म्हणून परदेशी गिऱ्हाइके शोधणे भाग होते. विल्हेल्म देशोदेशी हिंडला. सर्बियाची मोठी मागणी त्याच दगदगीतून मिळाली. या प्रवासांनी त्याची प्रकृती खालावली आणि १८८२ च्या जानेवारीत, वयाच्या ४७ व्या वर्षी तो वारला. पॉलचा उजवा हातच गेला.

आता कारखान्याचे व्यवहार एकट्या पॉलच्या अंगावर आले आणि हिशेबाच्या वह्या ही त्याची विद्या नव्हती. १८८४ मध्ये कारखान्याची भागभांडवलाची कंपनी झाली. १८८७ साली तुर्कस्तानने पाच लाख बंदुका आणि ५०,००० आखूड बंदुकांची प्रचंड मागणी नोंदविली. ही मागणी म्हणजे गावाला सुवर्णकाळच. परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस बँकेने आपले भाग बर्लिनच्या लुडविग लोवे कंपनीला विकले आणि कारखान्याची सूत्रे बर्लिनकडे गेली. पॉल माउझर तेथेच राहिला, पण मालक म्हणून नव्हे. तांत्रिक प्रमुख म्हणून. नाव त्याचे, कारखाना दुसऱ्याचा. त्याने याबाबत फार आदळआपट केल्याचे दिसत नाही. त्याला त्याचे टेबल, त्याचे कानस आणि नेमबाजीचे मैदान मिळाले, तेवढे पुरे होते असे वाटते.

पाच काडतुसांची पट्टी

दरम्यान फ्रान्समध्ये पॉल व्हिएल या रसायनशास्त्रज्ञाने बिनधुराची दारू शोधून काढली आणि १८८६ मध्ये फ्रेंचांनी तिच्यावर चालणारी लेबेल बंदूक आणली. एका रात्रीत युरोपातील साऱ्या बंदुका जुन्या झाल्या. पॉलने नुकतीच आठ काडतुसे नळीखालच्या नळकांड्यात घेणारी सुधारलेली बंदूक सैन्याला दिली होती, तीही मागे पडली. घाबरलेल्या जर्मन सरकारने घाईघाईने एक समिती नेमून १८८८ साली नवी बंदूक काढली. त्या समितीने माउझरला विचारलेदेखील नाही.

दुसरा एखादा खचून गेला असता. पॉल पुन्हा कामाला लागला. १८८९ साली बेल्जियमने स्वीकारलेल्या त्याच्या बंदुकीत एक अगदी साधी वस्तू होती. पत्र्याची लहानशी पट्टी आणि तिच्यात ओळीने अडकविलेली पाच काडतुसे. पट्टी बंदुकीतील काडतुसांच्या पेटीच्या तोंडाशी टेकवून अंगठ्याने काडतुसे खाली दाबली की पाचही एका दमात आत जात आणि रिकामी पट्टी टाकून देता येई. ही बंदूक करण्यासाठीच बेल्जियममध्ये हेर्स्ताल येथे एफएन हा प्रसिद्ध शस्त्रकारखाना निघाला. १८९३ मध्ये स्पेनसाठी केलेल्या बंदुकीत काडतुसे एकावर एक सरळ न रचता आलटून पालटून दोन ओळींत बसविली. त्यामुळे खालची पेटी बाहेर न डोकावता लाकडाच्या आत मावली.

या बंदुकांची परीक्षा लवकरच झाली. १ जुलै १८९८ रोजी क्युबामध्ये एल कानेय येथे पाचशेच्या आसपास स्पॅनिश शिपायांनी कितीतरी पट मोठ्या अमेरिकन फौजेला कित्येक तास थोपवून धरले. अमेरिकनांनी त्यावरून धडा घेऊन माउझरच्या धर्तीवर आपली १९०३ ची स्प्रिंगफील्ड बंदूक बनविली आणि तिच्यातील उसनवारीबद्दल अमेरिकन सरकारला माउझर कंपनीस दोन लाख डॉलर मोजावे लागले. दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकऱ्यांनी याच बंदुकांनी इंग्रजांना जेरीस आणले. जानेवारी १९०० मध्ये स्पायन कॉपच्या लढाईतील जखमी इंग्रज शिपाई डोल्यांतून वाहून नेणाऱ्या हिंदी पथकात मोहनदास करमचंद गांधी नावाचे बॅरिस्टर होते, हे आपण जाणतोच. त्या जखमांपैकी पुष्कळ माउझरच्या गोळ्यांच्या होत्या. त्या अनुभवानंतर इंग्रजांनीही आपल्या बंदुकीला पट्टीने काडतुसे भरायची सोय केली. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर कित्येक दशके दिसणारी 'थ्री नॉट थ्री' ती हीच. तिची पाच काडतुसांची पट्टी हे माउझरचेच ऋण होय.

तिसरी खुंटी

५ एप्रिल १८९८ रोजी जर्मन सैन्याने माउझरची नवी बंदूक स्वीकारली. 'गेवेर ९८' या नावाने ती प्रसिद्ध आहे आणि त्याच्या आयुष्यभराच्या विचाराचे सार तिच्यात उतरले आहे. बोल्टच्या, म्हणजे त्या सरकत्या कडीच्या, पुढच्या टोकास दोन भक्कम खुंट्या असतात. त्या खाचेत अडकल्या की स्फोटाचा सारा जोर त्यांवर पेलला जातो. पॉलने मागच्या बाजूस तिसरी खुंटी ठेवली. पुढच्या दोन खुंट्या आपले काम नीट करीत असतील, तर या तिसरीला काहीच काम नाही. त्या दोन मोडल्या तरच ती पुढे सरसावते आणि बोल्ट शिपायाच्या तोंडावर येऊ देत नाही. काडतूस फुटून वायू मागे आलाच, तर तो बाजूला निघून जावा म्हणून बोल्टला दोन भोके ठेवली आणि मागे एक रुंद कडा ठेवून शिपायाचे डोळे वाचविले.

नियतीचा खेळ असा की ज्याने दुसऱ्यांच्या डोळ्यांची एवढी काळजी घेतली, त्याचाच एक डोळा बंदुकीने घेतला. आपोआप भरणाऱ्या बंदुकीचा नमुना तो १९०१ साली स्वतः चालवून पाहत होता. बोल्ट पुरता बसण्यापूर्वीच काडतूस फुटले. तेव्हा तो ६३ वर्षांचा होता आणि त्याच्या हाताखाली तरुण माणसे काही थोडी नव्हती. पण आपली बंदूक प्रथम आपण चालवावी, ही त्याची रीत. एक डोळा गेल्यावरही तो काम करीत राहिला. दरम्यान १८९८ ते १९०३ या काळात तो जर्मन संसदेचा सभासद होता. १९१२ साली व्युर्टेंबर्गच्या राजाने त्याला सरदारकी दिली. मठातल्या कारागिराचा तेरावा मुलगा 'फॉन माउझर' झाला.

ते पिस्तूल

आता आरंभी सांगितलेल्या पिस्तुलाविषयी. ज्या वस्तूमुळे माउझर हे नाव हिंदुस्थानात गाजले, ती मुळात त्याची नव्हेच. फीडेर्ले आडनावाचे तीन भाऊ त्याच्या कारखान्यात कामाला होते, त्यांनी ते पिस्तूल रचले. १८९५ साली पेटंट निघाले ते मात्र पॉल माउझरच्या नावे. ज्याच्या शोधात पूर्वी नॉरिस वाटेकरी झाला होता, त्याच्याच नावाखाली आता दुसऱ्यांचा शोध झाकला गेला. कारखान्यांच्या जगाची ही रीतच असावी. लाकडी म्यान दस्त्याला जोडले की हे पिस्तूल लहानशी बंदूकच होई, ही त्याची खुबी.

या पिस्तुलाची एक हकिकत मुंबईशी निगडित आहे. १८९६ साली विन्स्टन चर्चिल हा तरुण इंग्रज अधिकारी मुंबईच्या ससून डॉकवर उतरला. होडीतून धक्क्यावर चढताना त्याने भिंतीतली लोखंडी कडी धरली आणि त्याच क्षणी लाटेने होडी खाली गेली. त्याचा खांदा निखळला आणि तो कायमचा दुबळा झाला. त्यामुळे १८९८ मध्ये सुदानातील ओम्दुरमान येथे घोडदळाच्या हल्ल्यात त्याने तलवारीऐवजी माउझर पिस्तूल वापरले आणि त्यानेच आपण वाचलो, असे पुढे लिहिले. ससून डॉकवरची ती लाट नसती तर कदाचित पुढचा इतिहास निराळा झाला असता!

दोन्ही बाजूंना एकच बंदूक

पॉल माउझर मे १९१४ मध्ये गेला आणि दोनच महिन्यांनी पहिले महायुद्ध पेटले. जर्मन शिपायांच्या हातात गेवेर ९८ होती. परंतु ज्या बेल्जियमवर ते चालून गेले, त्याच्या शिपायांच्या हातीही १८८९ ची माउझर होती. सर्बियाकडेही माउझरच होत्या. पुढे अमेरिकन आले ते माउझरच्याच वळणाची स्प्रिंगफील्ड घेऊन. ओबर्नडॉर्फच्या त्या कारागिराची विद्या खंदकाच्या दोन्ही अंगांना बसली होती.

आपल्यापुरते बोलायचे तर या हिशेबात मराठी घरेही येतात. बेळगावच्या वाचकांना मराठा लाइट इन्फंट्रीची ओळख करून द्यायला नको. त्या पलटणींचे पूर्वसूरी, १०३वी, ११०वी आणि ११७वी मराठा पलटण, सहाव्या पुणे डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात उतरले. टायग्रिस नदीच्या वळणावरील कुत-अल-अमारा येथे डिसेंबर १९१५ पासून तुर्कांनी त्यांना वेढले. अन्न संपले, घोडे कापून खाण्याची वेळ आली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सैन्य शरण गेले. कैदेच्या वाटेवर असंख्य जण मेले. वेढा घालणाऱ्या तुर्की शिपायांच्या खांद्यावर ओबर्नडॉर्फची माउझर होती. ज्या तुर्की गिऱ्हाइकीने नेकारकाठच्या गावाला बरकत आली, तिच्या गोळ्या कोकणातल्या आणि घाटावरच्या पोरांनी अंगावर घेतल्या.

याच बंदुकीचे दुसरे रूपही सांगितले पाहिजे. १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला रिग्बी कंपनीची एक बंदूक भेट मिळाली. ती माउझरच्याच बोल्टवर बांधलेली होती आणि तिचे काडतूसही माउझरचेच, फक्त इंग्रजी नावाचे. कुमाऊँच्या खेडुतांना ती तारक वाटली असेल यात शंका नाही. बाघा जतीनच्या हातातले माउझर आपल्याला पवित्र वाटते. पण काकोरीच्या गाडीत त्याच पिस्तुलाच्या चुकून सुटलेल्या गोळीने एक निरपराध प्रवासी मेला, हेही तितकेच खरे आहे.

गावाचे पुढे काय झाले

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने लष्करी शस्त्रे करण्यास बंदी आली. तेव्हा माउझरच्या कारखान्याने मोजमापाची उपकरणे, हिशेबाची यंत्रे, शिवणयंत्रे आणि मोटारगाड्यादेखील केल्या. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा बंदुका आल्या. या खेपेस त्या करण्यासाठी परदेशांतून पकडून आणलेले हजारो वेठबिगार गावात राबविले गेले. एप्रिल १९४५ मध्ये फ्रेंच फौजा आल्या, यंत्रे उचलून नेली गेली आणि कारखान्याच्या इमारती पाडल्या गेल्या. पण विद्या माणसांच्या हातात राहते. १९४९ साली माउझरच्याच तीन जुन्या अभियंत्यांनी ओबर्नडॉर्फमध्ये हेकलर आणि कोख ही कंपनी काढली. शिवणयंत्रांच्या भागांपासून आरंभ करून ते बंदुकीवरच आले. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईत उतरलेल्या राष्ट्रीय सुरक्षा दलाच्या कमांडोंच्या हातांतली आखूड एमपी-५ ही त्याच गावच्या रचनेची.

पॉल माउझरला दोष द्यावा काय? तो लढायांचा भोक्ता नव्हता, राजकारणी म्हणूनही तो मोठा नव्हता. तो एक सच्चा कारागीर होता. सुतार जसा सांधा पुन्हा पुन्हा घासून बसवितो, तसा त्याने चाळीस वर्षे एकच बोल्ट घासून बसविला. त्याच्या हाताला आलेले यश इतके पक्के होते की आजही शिकारी बंदुका त्याच वळणावर बांधल्या जातात. पण त्याचे एकेक शोध डोळ्यांपुढे ठेवले की एक गोष्ट ध्यानात येते. आपोआप ताणणारा खटका, पाच काडतुसांची पट्टी, वायूची भोके, तिसरी खुंटी, यांतील बहुतेक सारे दस्त्याला गाल लावून उभ्या राहणाऱ्या माणसासाठी होते. नळीपुढे उभ्या असलेल्या माणसाला त्या आराखड्यांत जागाच नव्हती. तो माणूस कधी जुलमी अधिकारी होता, कधी आगगाडीतला निरपराध प्रवासी, कधी टायग्रिसच्या काठचा उपाशी मराठा शिपाई.

कोणाच्या हातात बंदूक जाईल आणि तिच्यापुढे कोण येईल, हे कारागिराच्या हाती नसते, असे आपण म्हणतो. ते खरेही आहे. परंतु मागच्या माणसाच्या डोळ्याची चिंता वाहता वाहता आपला डोळा गमावणारा हा गृहस्थ पाहिला, की वाटते, एवढ्या मायेचा अंश तरी पुढच्या माणसाच्या वाट्याला यावयास हवा होता. ते काम बंदूक घडविणाऱ्याने केले नाही. ते ती उचलणाऱ्यावर येऊन पडले, आणि आजही त्याच्यावरच आहे.